ताण, कोकेन आणि ‘कप्पा’
कोकेन ओपिऑइड रिसेप्टरला थेट चिकटत नाही. ते डोपामीनचे पुनर्शोषण अडवते. तरीही १९८९ मध्ये हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन हॉस्पिटलमधील नॅन्सी मेलो यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांना ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड औषध दिले, तेव्हा त्यांचे कोकेन घेणे बरेच घटले. हे औषध ‘म्यू’ या ओपिऑइड रिसेप्टरला अर्धवट चालना देते, ‘कप्पा’ या दुसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरला रोखते.

कप्पाची भूमिका उंदरांत अधिक उलगडली. कोकेनसाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदरांना कळ दाबूनही कोकेन मिळेनासे झाले, की ते कळ सोडतात. पायाला विजेचा झटका बसला, की पुन्हा तिच्याकडे वळतात. कप्पारोधक ‘जेडीटिक’ने हे वळणे घटले. कोकेनचाच डोस टोचून उंदरांना कळीकडे वळवले, तेव्हा मात्र जेडीटिक निष्प्रभ ठरले. सर्वांत मोलाचा वाटतो तो हा फरक: ताणातून उठलेल्या ओढीची मेंदूतली वाट वेगळी असावी.