जुन्या डिरेक्टऱ्या आणि कुलवृत्तांताचें संशोधन

कुलवृत्तांत लिहूं इच्छिणारा गृहस्थ प्रथम घरचें दप्तर, वंशावळ व तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतो, आणि तें योग्यच आहे. परंतु गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत गांव सोडून मुंबईस राहिलेल्या पुरुषाचा माग या साधनांत पुष्कळदां तुटतो. अशा ठिकाणीं इंग्रजी छापील डिरेक्टऱ्या उपयोगी पडतात. संग्राहक त्यांस बहुधा रद्दींत काढतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

शहरांतील व्यापाऱ्यांची यादी छापण्याचा प्रघात लंडनांत इ. स. १६७७ इतका जुना आहे. हिंदुस्थानापुरतें पाहतां ‘ईस्ट इंडिया रजिस्टर’ १८०३ पासून निघूं लागलें. ‘थॅकर्स बेंगॉल डिरेक्टरी’ १८६४ सालीं सुरू झाली व १८८५ पासून तिनें सर्व हिंदुस्थान व्यापिला. सरकारी खातीं, न्यायालयें, वकील, पेढ्या व व्यापारी यांची माहिती अशा ग्रंथांतून मिळते.

पहिली अडचण नांवाची. त्या काळीं पुष्कळ गृहस्थ इंग्रजी व्यवहारांत आडनांव लावीत नसत. नाना शंकरशेट यांचें आडनांव मुरकुटे व भाऊ दाजी यांचें लाड; पण तीं आडनांवें धरून शोधणारा रिकाम्या हातीं परतेल. शिवाय ‘जगन्नाथ’ हें नांव इंग्रजींत ‘जगोनाथ’ असें उच्चारावें लागेल अशा अक्षरांनीं लिहिलेलें आढळतें. म्हणून शोधकानें स्वतःचें नांव, बापाचें नांव व आडनांव या तिहींखालीं, आणि संभवनीय सर्व वर्णरचना मनांत धरून, पाहावें.

दुसरी गोष्ट नात्याची. दादोबा पांडुरंग व आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ होते, हें अन्य पुराव्यानें सिद्ध आहे. केवळ ‘पांडुरंग’ हें बापाचें नांव समान दिसलें म्हणून कोणाही दोघांस भाऊ ठरवूं नये. डिरेक्टरी ही नांव, धंदा व ठिकाण यांची साक्षीदार आहे, नात्याची नव्हे. नातें सनद, मृत्युपत्र वा वाटणीपत्र यांवरूनच ठरवावें.

तिसरी गोष्ट कालाची. ग्रंथावर जें साल असतें त्याच्या आधींच आंतील माहिती गोळा झालेली असते. त्यामुळें मृत मनुष्याचें नांव एखादें वर्ष तसेंच राहूं शकतें. एकच खंड पाहून निर्णय न करितां लागोपाठचे खंड पाहावे. नांव प्रथम केव्हां आलें, हुद्दा केव्हां बदलला व नांव केव्हां गळालें, हें एका कोष्टकांत मांडिलें म्हणजे चरित्राचा सांगाडा उभा राहतो. मात्र नांव गळालें म्हणजे मनुष्य वारला असें नव्हे. तो बदलून गेला असेल वा सेवानिवृत्त झाला असेल.

स्त्रिया, मजूर व लहान दुकानदार यांस या याद्यांत क्वचितच स्थान मिळे. म्हणून नांव न सांपडणें हा नास्तित्वाचा पुरावा मानूं नये.

शेवटीं संग्राहकांस एवढीच विनंति कीं, असे खंड सांपडल्यास ते फोडूं नयेत, व मुखपृष्ठ गमावूं नये. साल गेलें कीं पानाची साक्ष गेली.