जुने पितळी स्क्रू : जोर नको, तयारी हवी

वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला येताना अनेक कुटुंबांनी एखादे जुने सागवानी कपाट जपून आणलेले असते. त्याचे लाकूड आजही भक्कम असते. पण पावसाळ्यात दार घासू लागते आणि बिजागरी काढण्याची वेळ येते. बिजागरी पितळेची आणि तिचे स्क्रूही पितळेचेच. हाताशी असेल त्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला जातो, खाचेची कड वाकते आणि स्क्रू मात्र जागचा हलत नाही. आणखी दोन प्रयत्नांत खाच पार गुळगुळीत होते. मग छिन्नी चालते आणि जपलेल्या लाकडाला कायमची जखम होते.

याचे कारण धातूत आहे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यावर लोखंडासारखा गंज चढत नाही, म्हणून दमट हवेत त्याला पसंती मिळाली. परंतु पोलादाच्या मानाने तो बराच मऊ आहे. ड्रायव्हरचे पाते कठीण पोलादाचे असल्याने या झुंजीत झिजते ते पितळच. शिवाय वर्षानुवर्षांचे पॉलिश आणि रंग यांनी स्क्रू जखडलेला असतो.

म्हणून पहिले काम खाच स्वच्छ करण्याचे. जाड सुईने किंवा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने ती तळापर्यंत कोरावी आणि माथ्याभोवतीचा रंग चाकूच्या टोकाने कापावा. दुसरे काम पाते निवडण्याचे. ते खाचेइतकेच लांब आणि त्यात न डुगडुगता बसेल इतके जाड असावे. पाचरीसारखे निमुळते पाते केवळ वरच्या कडेवर टेकते आणि जोर पडताच उसळते. असे पाते कानशीने घासून टोकाशी सपाट करून घ्यावे. अधिक चिन्हाच्या खाचेत हा धोका जास्त असतो. अमेरिकेत १९३६ मध्ये पेटंट मिळालेल्या या फिलिप्स पद्धतीच्या खाचेत जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर सरकतो. तेथे योग्य क्रमांकाचाच ड्रायव्हर हवा.

पाते नीट बसले की मुठीवर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्यावेत. मग ड्रायव्हर सरळ उभा धरून, अंगाचा भार त्यावर टाकून स्क्रू आधी किंचित आवळावा आणि नंतर सैल करावा. आवळताना लाकडाची पकड सुटते. तरीही तो हलला नाही, तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक मिनिटभर माथ्यावर टेकवावे. पितळातून उष्णता लवकर आत जाते आणि पॉलिशची पकड ढिली होते. निवल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. आगीची ज्योत मात्र वापरू नये. लाकडात तेल ओतण्याचाही फारसा उपयोग होत नाही. उलट डाग पडतात.

एवढे करूनही खाच गेलीच, तर हॅक्सॉने ती थोडी खोल करता येते. तेही जमले नाही, तर ड्रिलने केवळ माथा कापून काढावा. पितळ मऊ असल्याचा येथे फायदाच होतो. बिजागरी निघाल्यावर उरलेला दांडा बाहेर डोकावत असेल, तर पकडीने धरून फिरवता येतो.

नवा पितळी स्क्रू बसवतानाही सबुरी हवी. आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून काढावा. लाकडात आटे तयार झाले की पितळी स्क्रूच्या आट्यांना मेण लावून तो हलक्या हाताने बसवावा. पुढे कधी दार पुन्हा घासू लागले, तर स्क्रू काढणाऱ्याला छिन्नी हाती घ्यावी लागणार नाही.