क्रियापदापर्यंतचा श्वास

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, जेथे डोंगराच्या सोंडा भाताच्या खाचरांपर्यंत उतरत येतात, अशा एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतील पाचवीच्या वर्गात, मागच्या भिंतीशी तरटाच्या पट्टीवर बसून, मी गेल्या पावसाळ्यात जवळजवळ तीन आठवडे काढले. ज्या मुलास अक्षरे येतात, काना-मात्रा येतात, जोडाक्षरेही फारशी अडवीत नाहीत, तेच मूल परिच्छेद संपल्यावर 'यात काय सांगितले आहे?' या साध्या प्रश्नाने निरुत्तर का होते, आणि त्यावर एक शिक्षिका रोजच्या रोज कोणते उपाय योजते, हे मला प्रत्यक्ष पाहावयाचे होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर स्वतः रचलेले एक वाक्य लिहिले: 'वेशीपाशीच्या पडक्या विहिरीत उतरलेला म्हातारा गुराखी, पोरांनी कितीही हाका मारल्या तरी, वासराला खांद्यावर घेतल्याशिवाय वर आला नाही.' एका मुलाने उभे राहून ते वाचले. उच्चारात एकही चूक नव्हती. परंतु प्रत्येक शब्दावर सारखाच भार देत तो असा पुढे गेला, की जणू शब्द एकमेकांचे कोणी लागत नव्हते. ''वर कोण आलं नाही?'' बाईंनी विचारले. ''वासरू,'' तो म्हणाला.

या उत्तराने बाई रागावल्या नाहीत, हे मला विशेष वाटले. त्यांनी वाक्याच्या शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ ओढली, आणि तेथून मागे मागे येत 'कोण?', 'कोणता गुराखी?', 'कशात उतरलेला?', 'विहीर कोठली?' असे विचारीत मुलांकडूनच सारे वाक्य उलगडून घेतले. मराठी वाक्यात कर्ता लवकर येतो आणि क्रियापद बहुधा अखेरीस. त्या दोहोंच्या मधले सर्व काही, म्हणजे स्थळ, काळ, कारण, अट, वाचणाऱ्यास क्रियापद येईपर्यंत मनात सांभाळून ठेवावे लागते. घरच्या बोलण्यात वाक्ये आखूड असतात, आवाजाची आणि हाताची साथ असते. दुसरी-तिसरीच्या पुस्तकातील वाक्येही एका श्वासात मावतात. चौथी-पाचवीत वाक्य लांबते, आणि श्वास कोठे घ्यावा हे मात्र मुलास कोणी सांगितलेले नसते. अनेक मुलांचे वाचन या वयात थिजते त्याचे हे एक मोठे कारण आहे, असे माझे त्या तरटावर बसून झालेले मत आहे.

बाईंचा उपाय खडूचा होता. अर्थाचा एकेक तुकडा संपतो तेथे त्या तिरपी रेघ ओढीत, आणि वर्ग त्या रेघांशी थांबत थांबत वाचे. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यातील एक रेघ पुसली जाई, तिसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्याच्या अखेरीस फळ्यावर एकही रेघ उरत नसे, तरी मुले योग्य त्याच ठिकाणी थांबत.

'वेशीपाशीच्या' या शब्दाने आणखी एक दिवस घेतला. एका मुलीने शब्दकोशात 'वेशी' शोधला, तो सापडेना. कोशात 'वेस' असते, आणि वाक्यात ती सामान्यरूप धारण करून, वर दोन प्रत्यय पांघरून येते; 'पाऊस' जसा 'पावसात' होतो, किंवा 'विहीर' आपला दीर्घ इकार टाकून 'विहिरीत' होते, तसेच हे. ओळखीचा शब्द वेष पालटून समोर उभा राहिला, की मूल त्याला परका समजून ओलांडून जाते. 'वेस' फळ्यावर येताच मागून कोणी ओरडले, ''बाई, म्हंजी येस! आमच्यात येस म्हंत्यात.'' बाईंनी लगेच दोन रकाने आखले, एक घरच्या शब्दांचा, दुसरा पुस्तकातल्यांचा: येस-वेस, येळ-वेळ, इहीर-विहीर, इस्तू-विस्तव. ''घरी 'व' कुठं बदलतो, बघा बरं,'' एवढेच त्या बोलल्या. आणि पुढे इकार असला तर तो गळतो व एकार असला तर त्याचा 'य' होतो, हा नियम दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी आपला आपण शोधून काढला. याच 'इहीर' शब्दासाठी लहानपणी मला एका शाळेत तासभर बाकावर उभे केले होते. आपल्या आजीची बोली ही चूक आहे असे ज्याला त्या वयात कळविले जाते, ते मूल पुढे पुष्कळ दिवस तोंडच उघडत नाही. म्हणून ते दोन रकाने पाहताना माझे डोळे भरून आले, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील 'र'चा भेद एका सकाळी चित्रे काढून संपला.

त्यानंतर मुलांनी घरून कागद आणले: लग्नपत्रिका, विजेची देयके, बियाण्याच्या पिशव्या, आणि एका मुलीने सातबाराचा उतारा. 'खातेदार' या शब्दातील 'दार' म्हणजे धारण करणारा, तो फारसीतून आपल्याकडे आला, हे कळताच फौजदार, जमीनदार, धारदार, चवदार असे शब्द फळा भरेपर्यंत आले. पण 'पोटखराबा' पाशी ती मुलगी अडली. जमिनीच्या कागदात पोटदुखी कशाला, असा तिचा प्रश्न होता. बाईंनी अर्थ सांगितला नाही. कागदावरील एकूण क्षेत्र, लागवडीचे क्षेत्र आणि पोटखराब्याचा आकडा यांची बेरीज-वजाबाकी तिच्याकडून करविली, आणि उरलेली जमीन कोठे असेल ते घरी विचारून ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती धावतच आली: ''बाई, टेकाडाकडचा कातळ! तिथं काय पिकतच न्हाई. वावराच्या पोटातच हाय पण खराब हाय.'' मग तिने त्या कातळावर सात ओळी लिहिल्या. शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी त्या दिवशी दाखविल्या नाहीत. दोन दिवसांनी, तीच वही उघडून, तिच्या शेजारी बसून दाखविल्या.

वर्गाच्या कपाटात 'किशोर' मासिकाचे जुने अंक होते. 1967 साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने 1971 मध्ये सुरू केलेले हे मासिक. त्या अंकांचे कोपरे हाताळून मऊ झाले होते. दुपारच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास त्यांतले ज्याला जे हवे ते वाचावे असा शिरस्ता होता, आणि त्या वेळेत बाईदेखील, काहीही न तपासता, स्वतःचे पुस्तक वाचीत.

माझ्या अखेरच्या दिवशी पाचवीची मुले दुसरीच्या वर्गाला गोष्टी वाचून दाखविणार होती. वासराला विहिरीबाहेर यायला न देणारा तोच मुलगा पुढे बसला. गोष्टीत एक लांबलचक वाक्य आले. तो तुकड्या-तुकड्याने, सावकाश वाचीत गेला, आणि शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबून त्याने मान वर केली. समोरची पोरे त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. एक जण गुडघ्यांवर उठून म्हणाला, ''मंग?'' तेव्हा त्याने बोट ओळीवर तसेच ठेवून क्रियापद उच्चारले.