मातीवरचं ग्राउंड, बर्फावरचा दम

धर्मापुरी काय नि आष्टी काय, बीड जिल्ह्यात ‘ग्राउंड’ म्हणजे पोलीस भरती. मुलांना ५० गुण: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, ७.२६० किलोच्या गोळ्याला १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी.

आइस हॉकीचं गणित निराळं. खेळाडू एका खेपेला जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो. जीव तोडून खेळतो, बाकावर परततो. म्हणून त्याची विंगेट चाचणी घेतात. जागेवरच्या सायकलला शरीराच्या वजनाच्या साधारण ७.५ टक्के भार लावायचा आणि ३० सेकंद बेभान पेडल मारायचं. सुरुवातीचा जोर मोजतातच, पण शेवटी तो किती ढासळला हा आकडा जास्त बोलका. अमेरिकेत बफेलोला होणाऱ्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या चाचणीत ही सायकल आहे, जागेवरून उडी आहे, पुल-अप्स आहेत. गंमत म्हणजे बर्फ नाही!

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा दम तिसऱ्याच जातीचा. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. अशा शर्यतीत कस लागतो तो शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं याचा.