फोटो धूसर येतोय? दोष फोकसचा आहे का, ते असं तपासा

पावसाळ्यात नळदुर्गचा नर-मादी धबधबा सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातले कॅमेरे बाहेर पडतात. फोटो धूसर आला की लगेच लेन्सला दोष देऊ नका. उडणाऱ्या तुषारांवर किंवा सपाट काळ्या दगडावर ऑटोफोकस सहज फसतो. दगडांच्या सांध्यावर, ठळक कडेवर फोकस धरा.

तरीही शंका असेल तर घरी चाचणी घ्या:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर सुरू.
२. भरपूर उजेडात छापील कागद एखाद्या खोक्यावर सरळ लावा. शेजारी पट्टी तिरकी ठेवा, तिचा मध्य कागदाच्या रेषेत.
३. अंतर फोकल लेंथच्या २५ ते ५० पट. ५० मिमी लेन्ससाठी साधारण दीड-दोन मीटर.
४. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, एकच मधला फोकस पॉइंट.
५. प्रत्येक वेळी फोकस रिंग फिरवून नव्याने फोकस करत व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो काढा. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये.

निकाल असा वाचा:

🔹 व्ह्यूफाइंडरचे फोटो सतत पुढे किंवा मागे, पण लाइव्ह व्ह्यूचे नेमके: डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्याचा आणि लेन्सचा मेळ चुकलाय. मेनूत कॅननला ‘एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट’, निकॉनला ‘एएफ फाइन ट्यून’ शोधा. फोकस पुढे पडत असेल तर अधिक आकडा, मागे पडत असेल तर उणे. स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय बहुधा नसते. तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठा.
🔹 कधी पुढे, कधी मागे: आकडे बदलून उपयोग नाही. लेन्सचे संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा तपासा.
🔹 व्ह्यूफाइंडर आणि लाइव्ह व्ह्यू, दोन्हीकडे धूसर: लेन्सच तपासून घ्या.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे पहिला दोष सहसा येत नाही.

दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी ही चाचणी नक्की करा, आणि निकाल कमेंटमध्ये कळवा.