शुगर आहे, पण पंगतीला जायचं आहे

ऑक्टोबर लागला की सिरोंचा-अहेरीपासून ब्रह्मपुरी-नागभीडपर्यंत वस्त्यावस्त्यांत चंद्रपूरला जायची तयारी सुरू होते. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. म्हणून दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. जागोजागी भोजनदान असतं, शिवाय पोहे, आलूबोंडा, जिलेबीची दुकानं. ज्यांना शुगर आहे, त्यांनी दोन दिवस उपाशी राहायचं का? मुळीच नाही.

शुगरवाला माणूस गोड टाळतो, हे चांगलंच. पण बुंदीला हात आडवा करणारा तोच माणूस भात तिसऱ्यांदा घेतो. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण 25 ते 30 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. पंगतीतला भात तर तीन-चार वाट्यांच्या खाली नसतो. आपला मुलूखच धानाचा. एचएमटी हे नावाजलेलं वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. तेव्हा भात सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. फक्त तो शेवटी आणि वाटीभर घ्या. आधी उसळ, घट्ट वरण, काकडी-मुळा खा. भाजी वांगं-आलूची असेल तर वांगी घ्या, आलू बाजूला ठेवा. वाढणाऱ्याला "भात नको, वरण वाढा" म्हटलं तर कुणाचा अपमान होत नाही.

पोहेही भाताचेच भाऊ. दुकानात अर्धी प्लेट सांगा आणि तर्रीतला चना जास्त मागा, वरचं तेल मात्र नको. टपरीवरचा चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो. बिनसाखरेचा वेगळा करून देत असतील तरच घ्या. उसाचा रस आणि बाटलीतलं थंड पेय नकोच.

यापेक्षा मोठा धोका उशिराचा. सकाळी सातला गोळी घेतली, गाडी अडकली, रांग लांबली आणि जेवण दोनला मिळालं, असं हमखास होतं. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, किंवा दारू प्यायला आहे. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग काहीतरी खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखान्यात न्या. खिशात साखरेची पुडी आणि मूठभर फुटाणे ठेवा. प्रवासाच्या दिवशी गोळी केव्हा घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारा. ती आपल्या मनाने बंद करू नका.

आता बायांबद्दल. भोजनदानात भाजी चिरणाऱ्या, भात उतरवणाऱ्या, वाढणाऱ्या बहुतेक त्याच, आणि जेवतात सगळ्यांच्या शेवटी. तोवर वरण-भाजी संपलेली, तळाचा भात उरलेला. चार वाजता चुलीजवळ कुणी बाई चक्कर येऊन बसली की "थकली असेल" म्हणून सोडून देतात. गोळी घेणाऱ्या बाईचं ताट सगळ्यात आधी वाढलं गेलं पाहिजे, आणि हे मंडळाच्या लोकांनी स्वतःहून करायचं आहे. तिला मागावं लागता कामा नये. हाच नियम वस्तीतल्या लग्नालाही लावा.

पायांकडेही लक्ष द्या. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पाय इतके दुखत की आधाराशिवाय चालणं त्यांना कठीण जाई. जुन्या शुगरमध्ये पाय बधिर होतात, खडा रुतला तरी कळत नाही. त्यामुळे गर्दीत अनवाणी फिरू नका, नवी कोरी चप्पल त्या दिवशी काढू नका, आणि रात्री तळवे उजेडात पाहा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर तपासणी आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत, असा आकडा साधारणपणे राखायचा असतो. निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा तपासून घ्या, म्हणजे गोळीत बदल करायचा असेल तर डॉक्टरांना वेळ मिळेल.