शिडाचा दोर घाबरणाऱ्याच्या हाती

सुट्टीच्या दिवशी नागावच्या किनाऱ्यावर आलेल्या कुटुंबांत एक माणूस हमखास कोरडा असतो. सगळ्यांच्या चपला, मोबाईल आणि जेवणाचा डबा त्याच्या ताब्यात. होडीत बसायचा विषय निघाला की तो म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मी इथंच बरा." कधी ती अम्मी असते, कधी दादी, तर कधी सगळ्या घराचा आधार असलेले अब्बा. मग थट्टा सुरू होते आणि थट्टेपायी तो माणूस मन मारून होडीत चढतो. सहलीचा बेत खरा तिथेच बिघडतो.

वास्तविक समुद्र आपल्याला परका नाही. 'खलाशी' हा शब्द अरबीतून आला, 'नाखवा' फारसीतल्या 'नाखुदा'वरून. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली माणसे पोटासाठी जहाजावर गेली. समुद्राची भीती हा भित्रेपणा नव्हे, हे त्या घरांना चांगले ठाऊक आहे.

छोटी शिडाची होडी घरीही बांधता येते. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाची जेमतेम ११ फुटी प्लायवूडची होडी आली. फळ्या तांब्याच्या तारेने टाचायच्या आणि सांधे फायबरग्लासच्या पट्टीने बंद करायचे, अशी तिची पद्धत. हजारो कुटुंबांनी ती आपल्या घरी बांधली. फळ्या शिवून जहाज बांधण्याची कला तर अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर फार जुनी आहे. फक्त तिथे तारेऐवजी काथ्याची दोरी असे.

पण होडी झाली म्हणजे सहल झाली असे नाही. नागावचा किनारा उघडा आहे, लाटा थेट वाळूवर फुटतात. नव्या होडीची चाचणी तिथे नको. दक्षिणेला रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत पाणी त्या मानाने शांत असते. आधी बंदर कार्यालयात नियम विचारावेत, पाणी ओळखणारा स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि पहिल्या फेरीला मुलांना नेऊ नये. स्वतःची होडी नसेल तर मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. 'जंजिरा' म्हणजे अरबी 'जझीरा', बेट. पहिला अनुभव घ्यायला तो प्रवास चांगला.

दिवस निवडताना चांद्रतारीख पाहावी. हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि १४-१५ तारखेच्या सुमारास उधाण असते, पाण्याला ओढ जास्त. ७-८ आणि २१-२२ च्या आसपास भांग असतो, पाणी सौम्य. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. खाडीत भरती चढत असताना निघावे, कारण ओहोटीचे पाणी होडीला समुद्राकडे ओढते. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, म्हणून सकाळची वेळ बरी. लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला असे समजावे आणि बेत पुढे ढकलावा. जून ते ऑगस्ट तर पाण्यात उतरूच नये. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालावे.

आता काठावर बसलेल्या त्या माणसाकडे येऊ. त्याला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती होडी कलंडण्याची. शिडात वारा भरला की होडी एका अंगाला झुकते. शिडाचा दोर सैल सोडला की शीड फडफडते, वाऱ्याचा जोर निघून जातो आणि होडी पुन्हा सरळ होते. हे त्याला नुसते सांगू नका, करून दाखवा. होडी कमरेइतक्या पाण्यात उभी असताना दोर त्याच्या हातात द्या आणि चार-पाच वेळा ओढू-सोडू द्या. आपल्या हातात काहीच नाही, या जाणिवेनेच भीती वाढते. दोर हाती आला की ती बरीच उतरते.

दुसरी गोष्ट, निघण्यापूर्वीच त्याला शब्द द्या: "तुम्ही 'परत फिरा' म्हणालात की होडी वळणार. कुणी कारण विचारणार नाही, कुणी हसणार नाही." आणि तो शब्द पाळा, मग निघून पाचच मिनिटे झाली असली तरी चालेल. मुले कितीही रुसली तरी चालेल. कारण पाच मिनिटांत सुखरूप परत आलेला माणूस पुढच्या वेळी इन्शाअल्लाह दहा मिनिटे थांबेल. ओढून नेलेला मात्र पुन्हा कधी येणार नाही.

आणि मुलेही त्या पाच मिनिटांत एक गोष्ट शिकतील: घरातला सर्वांत घाबरलेला माणूस ज्या गतीने जाऊ शकतो, त्याच गतीने सगळ्यांनी जायचे असते.